पाळी गेल्यानंतरची त्वचा आणि पेप्टाइडची बाटली

"पाळी गेली, सुटले बाई एकदाची!" हे वाक्य दवाखान्यात नेहमी कानावर पडते. दर महिन्याच्या त्रासातून सुटका होते, हे खरेच आहे. पण त्याच सुमारास दुसऱ्या तक्रारी सुरू होतात. अंग कोरडे पडते. पाठीला आणि पोटऱ्यांना खाज सुटते. टाचांना भेगा पडतात, गालांवर वांग दिसू लागतात, हनुवटीवर चार केस उगवतात आणि गळ्याची कातडी सैल वाटू लागते. "वय झालं, चालायचंच" म्हणून बहुतेक भगिनी गप्प बसतात. ज्यांच्या हाती थोडा पैसा आहे त्या मात्र अलीकडे एक छोटी बाटली पुढे करून विचारतात, "डॉक्टर, हे पेप्टाइडचं सीरम लावू का? मुलीनं मोबाइलवरून मागवलंय."

नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, अशी प्रसाधने आता सहज मिळतात. किंमत पाच-सातशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते आणि बाटली महिना-दीड महिन्यात संपते. त्यामुळे तिचा उपयोग किती आणि तिच्याआधी काय करायला हवे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

पाळी जाते तेव्हा त्वचेत काय होते?

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. आपल्या देशात हे वय सरासरी ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास असते. या वयात बीजांडकोशातून मिळणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक फार कमी होते. इस्ट्रोजेनचे काम गर्भाशयापुरते नसते. त्वचा, हाडे, मूत्रमार्ग, योनीमार्ग या सर्वांना त्याचा आधार असतो.

त्वचेचा वरचा थर पातळ आणि खालचा जाड असतो. खालच्या थराला बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. बाजेच्या सुतळीची वीण आठवा. वीण घट्ट असते तोवर बाज ताठ राहते. सुतळी झिजली, सैल पडली की मधोमध झोळ येतो. सुरकुत्या आणि सैल कातडी हा असाच झोळ आहे. सुतळीचा दाखला इथे अगदी चपखल बसतो, कारण कोलॅजेनचा रेणू खरोखरच तीन पदरी पिळाच्या दोरासारखा असतो. ही रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या भारतीय शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली.

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि पुढे दरवर्षी साधारण दोन टक्क्यांनी घटत राहते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच "दोन वर्षांत एकदम म्हातारी दिसायला लागले" ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. त्यातच तैलग्रंथी मंदावतात, त्वचा पाणी धरून ठेवत नाही, जखम भरायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्वचेत जे कोलॅजेन असते, त्याच प्रकारचे कोलॅजेन हाडांतही असते. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांची त्वचाही पातळ दिसते, हे निरीक्षण अमेरिकेतील डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४०च्या दशकातच नोंदवले होते. चेहऱ्यावरचा बदल आरशात दिसतो. हाडातला बदल मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत दिसत नाही.

ज्यांची पिशवी लवकर काढली

हा विषय मराठवाड्यात चाळिशीच्या आधीच सुरू होतो, कारण आपल्याकडे गर्भपिशवी काढण्याचे ऑपरेशन फार लवकर होते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. आपल्या मुखेड, कंधार, जळकोट भागातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात, त्यामुळे हा प्रश्न एकट्या बीडचा समजू नये.

पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर ऑपरेशनच्या दिवसापासून इस्ट्रोजेन एकदम खाली येते. बीजांडकोश ठेवले असले तरी ते काही वर्षे लवकर थकू शकतात. पस्तिशीतल्या बाईचे अंग कोरडे पडणे, अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, सांधे दुखणे यामागे हे कारण असू शकते. अशा भगिनींनी ऑपरेशनचे कागद शोधून "बीजांडकोश ठेवले की काढले?" हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घ्यावे. चाळिशीच्या आत बीजांडकोश गेले असतील आणि दुसरी अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकाची औषधे देण्याची शिफारस असते. हाडे आणि हृदय यांसाठी ती महत्त्वाची असतात. अशा स्त्रीला कोणी नुसतेच सीरम विकत असेल, तर तिचा मूळ आजार तसाच राहतो.

पेप्टाइड म्हणजे नेमके काय?

प्रथिने ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ असते. त्याच मण्यांची आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. हा पदार्थ आपल्याला परका नाही. मधुमेहाचे रुग्ण घेतात ते इन्सुलिन हे ५१ मण्यांचे पेप्टाइडच आहे.

शरीरात पेप्टाइडे निरोप्याचे काम करतात. १९७३ मध्ये अमेरिकेतील लॉरेन पिकार्ट यांना माणसाच्या रक्तात तीन मण्यांचे एक पेप्टाइड सापडले. ते तांब्याला धरून ठेवते. बाजारातील 'कॉपर पेप्टाइड' ते हेच. पुढे १९९३ मध्ये कोलॅजेनच्या कच्च्या धाग्यातील पाच मण्यांचा एक तुकडा संशोधकांनी ओळखला. प्रयोगशाळेत हा तुकडा पेशींवर घातला की पेशी नवे कोलॅजेन बनवू लागतात. 'सुतळी झिजली, नवी विणा' असा निरोपच जणू त्यांना मिळतो. यावरूनच सुरकुत्यांच्या क्रीममध्ये पेप्टाइड घालण्याची कल्पना निघाली.

कल्पना चांगली आहे. अडचण आहे ती निरोप पोहोचण्याची. त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. बाहेरचे काही आत येऊ न देणे हेच तिचे काम. रेणूचे वजन 'डाल्टन' या एककात मोजतात आणि साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून फारसा आत जात नाही, असा ठोकताळा नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी २००० मध्ये मांडला. इन्सुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचे आहे. ते त्वचेतून आत गेले असते, तर मधुमेहींना रोज सुई टोचून घ्यावी लागली नसती. अख्खे कोलॅजेन तर तीन लाख डाल्टनच्या घरात आहे. म्हणून 'कोलॅजेनयुक्त क्रीम' लावून त्वचेतले कोलॅजेन भरून निघत नाही. ते वरच राहते आणि फार तर ओलावा धरते.

पाच मण्यांच्या त्या तुकड्याला कंपन्यांनी स्निग्धाम्लाची शेपटी जोडली, म्हणजे ते त्वचेतील चरबीतून सरकेल. त्याला पामिटॉइल पेंटापेप्टाइड म्हणतात. शेपटीसह त्याचे वजन ८०० डाल्टनच्या आसपास जाते. म्हणजे थोडे आत जात असेल, पण वाट बिकटच आहे.

प्रयोग काय सांगतात?

या पामिटॉइल पेंटापेप्टाइडचा एक नावाजलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या स्त्रियांनी १२ आठवडे अर्ध्या चेहऱ्याला पेप्टाइडचे क्रीम आणि अर्ध्याला तेच क्रीम पेप्टाइडविना लावले. पेप्टाइडच्या बाजूला बारीक सुरकुत्या काहीशा कमी झाल्या. फरक मोजता आला, पण तो लहान होता. प्रयोग करणारे संशोधक प्रॉक्टर अँड गॅम्बल या प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीचे होते, हेही लक्षात ठेवावे. शिवाय आपली त्वचा सावळी. तिच्यावर सुरकुत्या उशिरा येतात आणि वयाची खूण आधी वांग, काळपट डाग यांच्या रूपाने दिसते. त्या डागांवर हे पेप्टाइड उपाय नव्हे.

दुसरे नाव ऐकू येते अर्जिरलाइनचे. सुरकुत्यांच्या इंजेक्शनाप्रमाणे ते स्नायू सैल करते, असे सांगतात. पण इंजेक्शन सुईने थेट स्नायूत जाते आणि क्रीम कातडीवर राहते. दोन्हींचा परिणाम सारखा असण्याची अपेक्षा धरू नये.

तात्पर्य, पेप्टाइडची क्रीम बहुधा निरुपद्रवी आहेत आणि त्यांचा उपयोग थोडा व सावकाश होतो. त्या उपयोगातला बराच वाटा क्रीममधल्या ओलावा देणाऱ्या साध्या पदार्थांचा असतो. आणि ते पदार्थ स्वस्तात मिळतात.

आधी हे करा

१) ओलावा राखा. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरका. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरताच वापरा. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि कोरडेपणा वाढतो. अंग टिपून घेताच, ओलसर असतानाच ग्लिसरीनयुक्त साधे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा. टाचांना रात्री युरियायुक्त मलम लावून सुती मोजे घाला.

२) तेल लावायचे तर तेही ओलसर अंगावर. खोबरेल चांगलेच; आपल्या भागातील करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि त्वचेच्या वरच्या थराला ते लागते. चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर तेल टाळा.

३) उन्हापासून जपा. त्वचा अवेळी म्हातारी करण्यात सर्वांत मोठा हात उन्हाचा आहे. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी झिजल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे. उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. शेतातल्या भगिनींना हे परवडणारे नाही. पण कापूस वेचताना साडीवर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा आणि डोके-तोंड रुमालाने बांधायचे, ही आपल्याकडची रीत फार शहाणपणाची आहे. तिची लाज वाटून घेऊ नका.

४) पोटात प्रथिने जाऊ द्या. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर उरलेली भाकरी आणि पातळ वरण यावर कोलॅजेन बनत नाही. डाळ, हरभरा, सोयाबीन, दूध-ताक, अंडी यांतले काहीतरी दोन्ही जेवणांत हवे. कोलॅजेन विणायला क जीवनसत्त्व लागते. आवळा, पेरू, लिंबू यांतून ते मिळते. हाडांसाठी तीळ आणि दूध-दही.

५) विडी आणि मशेरी सोडा. विडीच्या धुराने सुरकुत्या वाढतात. मशेरीने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा असलेले औषध ट्रेटिनॉइन हे आहे. ते पेप्टाइडपेक्षा स्वस्त पडते, पण ते चिठ्ठीवरचे औषध आहे. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलते. म्हणून आठवड्यातून दोन रात्री, तुरीच्या दाण्याएवढेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावावे. गरोदरपणात ते चालत नाही. पाळी पूर्ण गेली नसेल तर गर्भ राहू शकतो, हे विसरू नये.

पेप्टाइड घ्यायचेच असेल तर

वरील गोष्टी करून पैसे उरत असतील तर हरकत नाही. पण बाटलीवर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली हवी. यादीत पेप्टाइडचे नाव लिहिलेले असावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. खाज किंवा पुरळ आले तर थांबवा. तीन महिने लावून फरक दिसला नाही तर पुढची बाटली घेऊ नका. घरातील कोणाचे औषध बंद ठेवून ती मुळीच घेऊ नका.

खरा धोका कुठे आहे?

खरा धोका नाव-गाव नसलेल्या डबीत आहे. 'सात दिवसांत फरक' म्हणणाऱ्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड किंवा पारा असतो. स्टेरॉइडने चेहरा आधी उजळतो; मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि केस येतात आणि क्रीम थांबवताच आग होते. पाळी गेल्यावर आधीच पातळ झालेल्या त्वचेला हा मार सोसत नाही. २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. बरेच दिवस लावले असेल तर मनानेच एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

पारा त्याहून वाईट. विदर्भातील अकोल्यात एकाच घरातील तिघींचे मूत्रपिंड अशा क्रीममुळे बिघडल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत आढळले. २०२३ मध्ये ही बातमी सर्वत्र आली होती. केरळमधील डॉक्टरांनीही अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचा आजार झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. लघवीला फेस येणे, पाय आणि तोंड सुजणे ही त्याची लक्षणे. तेव्हा डबीसुद्धा डॉक्टरांकडे घेऊन जा.

पार्लरमध्ये गोरेपणासाठी सलाईनमधून दिले जाणारे ग्लुटाथायोन हेही तीन मण्यांचे पेप्टाइडच. गोरे होण्यासाठी हे इंजेक्शन देण्यास आपल्याकडे मान्यता नाही. पेप्टाइडच्या नावाखाली कोणी सुई टोचायला निघाले तर हात पुढे करू नका.

हे दिसले तर बाटली बाजूला ठेवा

कोरडेपणाबरोबर वजन वाढणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे: थायरॉइड तपासा. मायांगाला खाज: रक्तातील साखर तपासा. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा: तो घासून जात नाही, तिथेही साखर तपासा. बधिर चट्टा: कुष्ठरोगासाठी तपासणी करा. न भरणारी जखम किंवा वाढणारा, रक्त येणारा तीळ: लगेच दाखवा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि स्त्रीरोग विभाग आहेत.

नेहमीचे काही प्रश्न

*कोलॅजेनची पावडर प्यावी का?*
पोटात गेल्यावर तिचे अमिनो आम्ल आणि बारीक तुकडे होतात. काही प्रयोगांत फायदा दिसला. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या प्रयोगांत तो आढळला नाही. तोच पैसा डाळ, दूध, अंडी यांवर खर्च करावा.

*ऊन टाळले तर ड जीवनसत्त्व कसे मिळणार?*
चेहरा झाकून हात-पायांवर थोडा वेळ ऊन घ्यावे. कमतरता असल्यास गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. इंजेक्शनावर इंजेक्शन घेऊ नये.

*इस्ट्रोजेनचे मलम चेहऱ्याला चालेल का?*
नाही. ते योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी असते आणि तिथे चांगले काम करते. संबंधाच्या वेळी दुखणे, वारंवार लघवीची जळजळ हे त्रास भगिनी लाजून वर्षानुवर्षे सोसतात. त्यावर सोपा इलाज आहे. विचारायला संकोच करू नका.

*सुरकुत्यांसाठी संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्यात का?*
केवळ त्वचेसाठी नाही. अंगातून वाफा, झोप न लागणे, हाडांचा धोका अशा कारणांसाठी त्या देतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या यांचा पूर्वेतिहास पाहूनच तो निर्णय होतो.

पंचेचाळिशी गाठलेल्या प्रत्येक भगिनीने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि वजन पाहून घ्यावे. एकदा थायरॉइड तपासावे. गर्भाशयमुख आणि स्तन यांची तपासणी करून घ्यावी. लवकर पाळी गेलेल्यांनी हाडांच्या तपासणीबद्दल विचारावे. या तपासण्यांना मिळून लागणारा खर्च बहुधा एका महागड्या बाटलीच्या किमतीत बसतो, आणि सरकारी रुग्णालयात तर त्याहून पुष्कळ कमी लागतो. आधी ते करावे. बाटलीचे मग पाहता येईल.